शिंजीर, कोआला आणि आमच्या आक्का

आधी माझा एक मूर्खपणा सांगून टाकते. म्हणजे पुढे कुठे मी शहाणपणाचा आव आणू लागले, तर तुम्हाला मला आवरता येईल.

लग्न होऊन निपाणीजवळच्या खेड्यात गेले तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. माहेर बेळगावात, टिळकवाडीत. वडील शिक्षक, अंगणात जास्वंद, नळाला पाणी आणि मी इतिहास घेऊन बी.ए. तंबाखू मी तोवर फक्त शेजारच्या वकिलांच्या डबीत पाहिली होती. सासरी ती शेतात उभी होती, पानं हत्तीच्या कानाएवढी. दिवाळीनंतर शेंडे खुडायचं काम चालायचं. शेंडा खुडला की झाडाचा जोर फुलात जात नाही, पानात उतरतो. एवढं मला एका दिवसात समजलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी ते बाकीच्या बायकांना समजावून सांगू लागले. त्या जन्मभर तंबाखूतच वावरलेल्या, पण बी.ए. नव्हत्या ना.

तिसऱ्या दिवशी बांधाच्या कडेला मला बारा झाडं दिसली. गुलाबी फुलांनी लगडलेली, एकाचाही शेंडा खुडलेला नाही. मला वाटलं, बायका विसरल्या. मी बाराच्या बारा खुडली, फुलं ओटीत भरून घरी आणली आणि देव्हाऱ्यापुढे तांब्यात मांडली. रचना छान जमली होती, हे मी आजही म्हणेन.

ती झाडं कुणी विसरलेलं नव्हतं. ती बियाण्यासाठी राखलेली होती. सासऱ्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी निवडून निवडून जपलेलं बी ते. मामंजी तांब्यापुढे बराच वेळ उभे राहिले, देवाला हात जोडले आणि बाहेर निघून गेले. त्या झाडांची राखण थोरल्या जाऊबाईंकडे होती. त्यांना आम्ही सगळे आक्का म्हणतो. फाल्गुनात आक्का नदीपलीकडे आपल्या माहेरी चालत गेल्या आणि पदराच्या गाठीत बी बांधून घेऊन आल्या. तंबाखूचं बी धुळीसारखं बारीक असतं. चिमटीत अख्ख्या शेताचं मावतं. आक्का मला एक शब्द बोलल्या नाहीत. मिठापासून सुईदोऱ्यापर्यंत सगळ्यावरून मी त्यांचे टोमणे खाल्लेत, पण ह्या गोष्टीवरून नाही. तेव्हा नाही आणि पुढच्या पन्नास वर्षांतही नाही.

टिळकवाडी, निघण्याआधी

शेत वाट्यानं देऊन आम्ही केव्हाच इकडे टिळकवाडीत राहायला आलो. तर ह्या डिसेंबरात माझी नात रेवा ब्रिस्बेनहून सुट्टीला आली. वय दहा. मराठी स्वच्छ बोलते, फक्त प्रत्येक वाक्याच्या शेवटी सूर वर चढवते, त्यामुळे ती सांगते आहे की विचारते आहे हे कळत नाही. तिला शाळेनं एक काम दिलं होतं. आपल्या गावचा एक जीव आणि आजोळचा एक जीव, दोघांची तुलना करायची. आपल्या गावचा तिनं आधीच निवडला होता, कोआला. आजोळचा मी निवडला, शिंजीर. अंगठ्याएवढा पक्षी, चोच बाभळीच्या काट्यासारखी वाकडी, पोट पिवळं, आणि ऊन पडलं की गळा जांभळा चमकतो. आमच्या जास्वंदीवर रोज येतो.

रेवा तीन दिवस दुर्बीण घेऊन खिडकीत बसली. चौथ्या दिवशी म्हणाली, "आजी, तो थांबतच नाही. मला फक्त त्याची शेपटी माहीत आहे?"

कोआला मी पाहिला आहे. चार वर्षांपूर्वी ब्रिस्बेनला गेले तेव्हा लेकीनं मुद्दाम दाखवायला नेलं. निलगिरीच्या दुबेळक्यात एक राखाडी गाठोडं ठेवलेलं होतं. चाळीस मिनिटं मी मान वर करून उभी. शेवटी गाठोड्यानं एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं, 'आलीस का, बस' अशा अर्थाची एक नजर टाकली आणि डोळा मिटला. मला तिथल्या तिथे आक्कांची आठवण झाली. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, असं बोलू नये.

रेवाला मी म्हटलं, "ही जास्वंद सोड. तंबाखूची फुलं बघ. निपाणीला आपल्या शेतात शिंजिरांचे थवेच्या थवे असतात."

आता खरं सांगते, मला निपाणीला जायचंच होतं, पण शिंजिरासाठी नव्हे. आक्कांचा मुलगा सतीश इकडे बेळगावजवळच मच्छ्याला कारखान्यात आहे. दोन आठवड्यांपूर्वी तो येऊन बसला. आक्का चौऱ्याऐंशी वर्षांच्या, गावात एकट्या. दिवाळीनंतर हौदाजवळ पाय घसरून पडल्या आणि शेजारीण पाणी भरायला येईपर्यंत तासभर तिथेच पडून होत्या. हाड मोडलं नाही हे नशीब. मच्छ्याला सतीशनं त्यांच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती, पण त्या यायला तयार नव्हत्या. सतीशचे डोळे भरले होते. म्हणाला, "काकू, फोन वाजला की उचलायचं धाडस होत नाही. तुमचं ऐकेल ती. तुम्ही तयार करा, मी रविवारी गाडी घेऊन येतो."

माझं आक्का ऐकतील असं पन्नास वर्षांत कधी घडलेलं नव्हतं. तरीही मी हो म्हटलं. बी.ए. ना.

बसमधून

सतीश गाडीनं सोडतो म्हणत होता, पण रेवाला बस हवी होती. आमच्याकडे कर्नाटकात बायकांना सरकारी बसमध्ये तिकीट पडत नाही. कंडक्टरनं माझं आधार कार्ड बघून शून्याचं तिकीट दिलं आणि रेवापुढे हात केला. मी कन्नडात सांगितलं की ही माझी नात, ऑस्ट्रेलियाची. तो कन्नडातच म्हणाला, तिथल्या सरकारला सांगा मग, आणि तिचं अर्धं तिकीट फाडलं. रेवाला ते शून्याचं तिकीट फार आवडलं. तिनं माझ्याकडून मागून घेतलं आणि वहीत चिकटवलं.

त्या वहीत डाव्या पानावर कोआला, उजव्या पानावर शिंजीर. उजवं पान कोरं. डावं ती मला वाचून दाखवत होती. कोआला दिवसातले अठरा-वीस तास झोपतो.

"तुझे आजोबा," मी म्हटलं.

तो फक्त निलगिरीची पानं खातो. ती विषारी असतात, दुसरं कुणी खात नाही.

"तुझे आजोबा. पानाच्या जागी तंबाखू लिही."

कोआलाच्या आईच्या पोटाला पिशवी असते, पण तिचं तोंड वर नसतं, खालच्या बाजूला असतं. ह्यावर मात्र मला बोलता येईना. झाडावर राहायचं आणि पिशवी उघडी खाली, ही कुणाची अक्कल? रेवा म्हणाली, तोंडाशी एक स्नायू असतो, आई तो आवळून धरते, पिल्लू पडत नाही. मग तिनं आवाज बारीक केला, कारण पुढची गोष्ट बसमध्ये सांगण्यासारखी नव्हती. पिल्लू पानं खायला लागायच्या आधी आई त्याला आपली एक खास पातळ विष्ठा भरवते. त्याशिवाय त्याला ते विष पचत नाही.

पुढच्या बाकावरच्या बाईंनी वळून पाहिलं. मी म्हटलं, नाक मुरडायचं कारण नाही. आमचा शिंजीरही घरटं बांधतो तेव्हा कोळ्याच्या जाळ्यात काटक्या, सालपटं आणि अळ्यांची विष्ठा चिकटवतो. लांबून बघणाऱ्याला वाटावं, फांदीला कचरा अडकलाय. तेही पिशवीसारखंच लोंबतं, फक्त दार बाजूला असतं आणि दारावर पावसापुरता छज्जा. रेवानं उजव्या पानावर पहिली ओळ लिहिली. लिहिता लिहिता म्हणाली, दोघांचा संसार घाणीवरच उभा आहे. मी म्हटलं, सगळ्यांचाच असतो, पण हे शाळेत लिहू नकोस.

संकेश्वरला मिरच्यांचा असा ठसका आला की अख्खी बस शिंकली. तवंदीचा घाट उतरताना मी ऐटीत उठून उभी राहिले. रस्ता माझ्या पायाखालचा, असं म्हणत निपाणीहून पुढची बसही मीच निवडली आणि कंडक्टर नको नको म्हणत असताना फाट्यावर उतरले. तो आमचा फाटा नव्हता. आमच्या फाट्यावर एक मोठा वड होता, रस्ता रुंद करताना तो गेला, आणि मी आपली दुसऱ्याच कुठल्या वडाला ओळख दाखवून खाली उतरले. तिथून दोन किलोमीटर चाललो, दोन्ही बाजूंना ऊस. रेवानं विचारलं, "तंबाखू कुठे आहे?" मी म्हटलं, पुढे. पुढेही ऊस. आमचं शेत आलं, जिथे मी शेंडे खुडले होते, तिथेही ऊस. वाट्याला घेणाऱ्यानं लावलेला. थव्यांचं काय करायचं, ह्याचा विचार करत मी आक्कांसाठी घेतलेल्या कुंद्याचा, आमच्या बेळगावी मिठाईचा, डबा ह्या हातातून त्या हातात घेत राहिले.

आक्कांकडे, पहिला दिवस

आक्कांचं घर दोन खोल्यांचं, स्लॅबचं, मागे परडं. आक्का पायरीवर बसल्या होत्या, डोळे मिटून. आमची चाहूल लागल्यावर एक डोळा उघडला. "आलीस? बस," म्हणाल्या आणि मिटला. रेवानं माझा पदर ओढला. तिला मी ब्रिस्बेनची गोष्ट सांगितलेली होती. ती हसू दाबताना इतकी लाल झाली की मला तिला पाणी पाजावं लागलं.

जेवायला ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, शेंगदाण्याची चटणी. रेवानं चटणी बेतानं आणि माडगं दोनदा घेतलं. बेळगावात मी तिच्यासाठी तीन दिवस पास्ता शिजवत होते, ह्याचा मला राग आला. तिनं आक्कांना कोआलाचा फोटो दाखवला. आक्कांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"कान सतीशगत हायत," म्हणाल्या. "काय काम करतोय ह्यो?"

"काहीच नाही. बसतो?"

"लई शाणा हाय."

संध्याकाळी मी कामाला लागले. मच्छ्याच्या घराचं कौतुक सुरू केलं. लिफ्ट आहे, नळाला पाणी आहे, दवाखाना कोपऱ्यावर, नातवंडं घरात. आक्का लसूण सोलत होत्या. माझं सगळं बोलणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "लसणीचा भाव काय चाललाय बेळगावात?" मी सांगितला. त्या दिवसाचं बोलणं तिथेच संपलं.

परड्यात, दुसरा दिवस

सकाळी रेवा धावत आली. "आजी, आजी, तंबाखू आहे?" ह्या वेळी ते विचारणं नव्हतं, सांगणं होतं.

परड्यात, हौदाच्या पलीकडे, बाभळीच्या काट्यांच्या कुंपणात तंबाखूची सात झाडं उभी होती. रेवापेक्षा उंच, गुलाबी फुलांनी लगडलेली. प्रत्येकाच्या खोडाला लाल चिंधी बांधलेली. ह्या चिंध्या कधीपासून बांधतात, हे मी विचारलं नाही. रेवानं विचारलं, कशासाठी? आक्का म्हणाल्या, "वळखीला." आणि माझ्याकडे अजिबात न बघता आत गेल्या.

आम्ही दोघी हौदाच्या कडेला बसलो. माझ्याच्यानं दहा मिनिटंही गप्प बसवेना. मी खोकले, चष्मा पुसला, मुंगी झटकली, एकदा उठून परकर नीट केला. रेवा म्हणाली, "आजी, तूच शिंजीर आहेस." मला आत धाडण्यात आलं. माझ्या जागी आक्का जाऊन बसल्या आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत राहिले. दगडावर दगड ठेवावा तशा त्या बसल्या होत्या. त्यांचं बघून रेवाही तशीच बसली. पाऊण तास कोणी हललं नाही.

मग तो आला. थवा नाही, एकटाच. शेंड्याच्या काटकीवर उलटा लोंबला. फुलाच्या तोंडात चोच घालेल म्हणून मी वाट बघतेय, तर त्यानं फुलाच्या बुडाला बाहेरून भोक पाडलं आणि तिथून रस ओढला. एक फूल, दुसरं, तिसरं. गळ्यावर ऊन पडलं तेव्हा जांभळी ठिणगी उडाल्यासारखं दिसलं. रेवाच्या तोंडाचा चंबू झाला होता. तो उडाल्यावर आक्का म्हणाल्या, "चोर हाय त्यो. पुढच्या दारानं येत न्हाय. बोलत लई ऱ्हातोय आणि काम मागल्या दारानं करतोय."

खिडकीत मी उगीचच भांडं वाजवलं.

उजवं पान त्या दिवशी भरलं. एक विषारी पान खातो, दुसरा विषारी झाडाच्या फुलातला मध पितो. एकाला पचवायला दिवसभर झोपावं लागतं, दुसऱ्याला क्षणभर थांबलं तर भूक लागते. एकाची पिशवी अंगाला, दुसऱ्याची फांदीला. शेवटी एक प्रश्न होता, शाळेनंच दिलेला. ह्या जीवाला दुसरीकडे नेलं तर काय होईल? शिंजिराचं रेवानं लगेच लिहिलं: दुसरं फूल शोधेल. कोआलाचं तिला पाठ होतं. त्याची झाडं तोडली की तो खाली उतरतो, जमिनीवर चालत दुसरं झाड शोधतो आणि बऱ्याचदा रस्त्यावर गाडीखाली सापडतो. दुसरीकडचं पान तेच असलं तरी त्याला ते चालेल असं नाही. मी तिला सांगितलं, पुरे आता, जेवायला चल.

दुपारी दोन बायका आल्या. एकीच्या घरी अजून अर्धा एकर तंबाखू. आक्का त्यांना घेऊन परड्यात गेल्या, बोंडं दाखवली. कुणाला किती बी द्यायचं, रोपं कधी टाकायची, मुंगी लागू नये म्हणून वाफ्यात काय घालायचं, सगळं बोलणं झालं. त्या बायका आक्कांना आपल्या सासवांपेक्षा जास्त घाबरत होत्या. बी विकत नाहीत आक्का, मागायला यावं लागतं. जाताना एकीनं हौदाभोवतीचं शेवाळ घासून काढलं, कुणी न सांगता.

मी हे सगळं पाहिलं. पाहिलं आणि संध्याकाळी पुन्हा मच्छ्याच्या लिफ्टवर आले. सतीशचे डोळे माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हते, हे एक. आणि घेतलेलं काम तडीला न्यायची खोड, हे दुसरं. म्हटलं, आक्का, पुन्हा पडलात तर? शेजारीण दर वेळी वेळेवर येईल का? आक्का हात गुडघ्यावर ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या, जणू तो दुसऱ्या कुणाचा गुडघा. मग म्हणाल्या, "भ्या वाटतंय गं. न्हाय असं न्हाय."

त्यांच्या तोंडून भीतीचा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. त्यातला अर्थ मी मला सोयीचा तेवढा घेतला. सकाळी त्यांची पिशवी मी भरली. दोन लुगडी, औषधं, चष्म्याचं घर, मिश्रीची डबी. त्या बघत होत्या. नको म्हणाल्या नाहीत, हो म्हणाल्या नाहीत.

रविवार

सतीश अकराला आला. गाडीत आईसाठी पाठीला लावायची नवी उशी घेऊन आला होता. दारातली भरलेली पिशवी पाहिली आणि त्यानं माझ्या पाया पडायला वाकावं इतका त्याचा चेहरा उजळला. मी म्हटलं, थांब, त्यांना घेऊन येते.

घरात आक्का नव्हत्या. मी पिशवी हातात घेऊनच परड्यात गेले. का घेतली, कोण जाणे. आपण तयार आहोत हे दिसावं म्हणून असेल. आक्का हौदापाशी बसल्या होत्या, त्यांना टेकून रेवा. काट्यांच्या कुंपणात सातही झाडं उन्हात स्तब्ध उभी. एकावर शिंजीर उलटा लोंबत होता. रेवानं ओठांवर बोट ठेवलं. मी थांबले, आणि आश्चर्य म्हणजे थांबता आलं. तो तीन फुलांना भोकं पाडून उडून गेला.

खालच्या अंगाची काही फुलं गळून हिरवी बोंडं धरली होती. आक्कांनी हात पुढे करून त्यातलं एक हळूच दाबून पाहिलं, कच्चं आहे का पिकतंय ते. लाल चिंधीची सैल झालेली गाठ पुन्हा आवळली. मग माझ्याकडे वळल्या. आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. एक डोळा बारीक केला. आणि पन्नास वर्षांत जे बोलल्या नव्हत्या ते बोलल्या, आवाज न चढवता, जवळजवळ लाडानं:

"कुमुद, परत खुडायला आलतीस व्हय गं? जा आता. औंदा बी धरू दे."